एररला एकच दार

पहिल्या नोकरीत माझ्या हाती नोंदणीच्या ॲपचं बॅकएंड (सर्व्हरवर चालणारा कोड) आलं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड आणि त्यावरचं वेब फ्रेमवर्क एक्सप्रेस ४. चाळीसेक राऊट (एकेका पत्त्यावरची रिक्वेस्ट हाताळणारा कोड), आणि जवळपास प्रत्येकात एरर पकडणारा वेगळा ट्राय-कॅच. कुठून स्टेटस ५०० (सर्व्हरची चूक) जायचा, कुठून २०० (सगळं ठीक) जाऊन आतल्या जेसन डेटामध्ये 'सक्सेस: फॉल्स'. दोन ठिकाणी तर कॅच रिकामाच होता.

एका संध्याकाळी सपोर्टच्या ताईंचा फोन आला. "अगं, लोकांचं पान नुसतं फिरतंय. एररही दिसत नाही."

सर्व्हरच्या नोंदींमध्ये, म्हणजे लॉगमध्ये, काहीच नव्हतं. चूक माझ्याच नव्या असिंक (डेटाबेससारख्या कामाची वाट बघणाऱ्या) राऊटमध्ये होती, त्यात मी ट्राय-कॅच घातलाच नव्हता. असिंक फंक्शनमधून फेकलेला एरर एक्सप्रेस ४ आपणहून पकडत नाही, त्यामुळे रिस्पॉन्स जातच नाही. नोड १५ पासून असा न पकडलेला एरर आला की प्रोसेस, म्हणजे चालू सर्व्हरच, बंद पडते. निदान कळतं तरी. पण आमच्याकडे प्रोसेस पडू नये म्हणून कुणीतरी तो एरर वरच्या वर गिळून टाकणाऱ्या दोन ओळी लिहिलेल्या होत्या. माझ्या मते एरर गिळणं हा बॅकएंडमधला सगळ्यात महागडा शॉर्टकट आहे.

मग सगळे ट्राय-कॅच काढून एकच एरर हँडलर लिहिला. तो सगळ्या राऊटच्या खाली, अगदी शेवटी जोडायचा. त्याला चार पॅरामीटर लागतात: एरर, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, नेक्स्ट. कोड तपासणाऱ्या लिंटरने 'नेक्स्ट वापरलेलं नाही' म्हणून टोकलं, मी ते काढून टाकलं, आणि हँडलर चालेनाच. अर्धा दिवस गेला. एक्सप्रेस फंक्शनचे पॅरामीटर मोजतं. चार असले तरच त्याला एरर हँडलर समजतं. नेक्स्ट लागतोही: रिस्पॉन्स पाठवायला सुरुवात झाली असेल, तर नवा रिस्पॉन्स न पाठवता एरर नेक्स्टला द्यायचा, म्हणजे एक्सप्रेस कनेक्शन बंद करतं. असिंक राऊटमधले एरर या हँडलरकडे पोचवणारा छोटा रॅपर केला. २०२४ मध्ये आलेल्या एक्सप्रेस ५ मध्ये तो लागत नाही.

खरा विचार पुढे करावा लागतो, तो एररच्या प्रकारांचा. पोस्टग्रेस या डेटाबेसने २३५०५ हा कोड दिला म्हणजे युनिक कन्स्ट्रेंट (तीच नोंद दोनदा नको हा नियम) मोडला. तो सर्व्हिसमध्येच (राऊटमागच्या कामाच्या कोडमध्ये) ओळखून मी स्वतःचा एरर फेकते: स्टेटस ४०९ (आधीच्या माहितीशी संघर्ष), मेसेज 'हा मोबाइल नंबर आधीच नोंदवलेला आहे'. माणसाला पुढे काय करायचं ते कळतं. आपण ओळखून फेकलेला नाही असा कुठलाही एरर बग समजायचा: पूर्ण स्टॅक (एरर कोडच्या कुठल्या ओळींतून आला त्याची यादी) त्या रिक्वेस्टला दिलेल्या आयडीसकट लॉगमध्ये, बाहेर फक्त ५०० आणि तो आयडी. स्टॅक किंवा एसक्यूएल (डेटाबेसची क्वेरी) बाहेर दिसता कामा नये. रिस्पॉन्सचा साचा स्वतः शोधत बसू नका. आरएफसी ९४५७ या इंटरनेटच्या मानकात टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स असा तयार आहे.

पुढच्या महिन्यात ताईंनी फोनवर एक आयडी वाचून दाखवला. त्या बोलत असतानाच मला लॉगमधली ओळ सापडली.

आता नवा प्रोजेक्ट आला की पहिल्याच दिवशी एका असिंक राऊटमध्ये मुद्दाम एरर फेकून बघते. रिस्पॉन्स येतो का, त्यात स्टॅक दिसतो का, आणि लॉगमध्ये तोच आयडी आहे का.