मित्रांसोबत प्रवासात स्थानिक बार आणि रेस्टॉरंटमध्ये जाताना काय ठरवावे, काय पाहावे

मित्रांसोबतच्या सहलीत स्थानिक बार किंवा रेस्टॉरंटमधली संध्याकाळ अनेकांना सर्वांत आवडते, आणि सहलीतले रुसवेफुगवेही पुष्कळदा तिथेच सुरू होतात. त्यांचे मूळ जेवणात किंवा दारूत क्वचितच असते. खर्च किती करायचा, कुठवर बसायचे आणि परत कसे यायचे हे आधी बोललेले नसते, एवढेच. म्हणून पुढील पायऱ्यांपैकी पहिली सर्वांत महत्त्वाची आहे.

१. निघण्यापूर्वी बोलून घ्या

माणशी खर्चाची कमाल मर्यादा ठरवा. ज्याचा हात आखडता आहे तो सर्वांसमोर तसे सांगायला कचरतो, त्यामुळे हा आकडा प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावा आणि सर्वांत कमी आकड्याला धरून जागा निवडावी. कोण मद्य घेत नाही, कोण शाकाहारी आहे, कोणाला कशाची ॲलर्जी आहे हेही याच वेळी कळले पाहिजे. ॲलर्जी असल्यास वर्ज्य घटकांची नावे स्थानिक भाषेत कागदावर लिहून ठेवावीत आणि तो कागद थेट स्वयंपाकघरात दाखवण्याची विनंती करावी. गोंगाटात वेटरला तोंडी सांगितलेली गोष्ट आतपर्यंत पोहोचेलच असे नाही.

मद्यपानाचे किमान वय, विक्रीच्या वेळा आणि सार्वजनिक ठिकाणी पिण्याचे नियम देशागणिक, आणि काही देशांत राज्यागणिकही बदलतात. ते आधी पाहून घ्यावेत आणि वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

२. जागा शोधा

इंटरनेटवरील सरासरी गुणांपेक्षा गेल्या एक-दोन महिन्यांतले अभिप्राय, त्यातही तक्रारीचे, अधिक उपयोगी असतात. एकच तक्रार वेगवेगळ्या लोकांनी केली असेल तर ती खरी समजावी. मुक्कामाच्या ठिकाणी ‘इथले प्रसिद्ध ठिकाण कोणते’ असे विचारल्यास पर्यटकांसाठीचे उत्तर मिळते. ‘तुम्ही स्वतः घरच्यांना घेऊन कुठे जेवायला जाता’ असे विचारावे. दार उघडे असण्याची वेळ आणि स्वयंपाकघर चालू असण्याची वेळ यांत बऱ्याच ठिकाणी फरक असतो, म्हणून उशिरा जायचे असल्यास फोन करून खात्री करावी.

रस्त्यात भेटलेली अनोळखी व्यक्ती अति आपुलकीने एका ठरावीक बारमध्येच चलण्याचा आग्रह धरत असेल, तर नम्रपणे नकार द्यावा. आत नेऊन अवाच्या सवा बिल लावण्याचा हा प्रकार जगातल्या अनेक पर्यटनशहरांत चालतो. दर न छापलेले मेन्यूकार्डही याच कारणासाठी टाळावे.

३. गट लहान ठेवा

सहाहून अधिक जण असतील तर लहान जागेत आगाऊ न कळवता जाऊ नये. मोठ्या गटाने तिथली टेबले अडतात, पदार्थ एकत्र येत नाहीत आणि आपल्याच गप्पांचे तीन तुकडे पडतात. दोन टेबले घ्यावीत किंवा दोन जागा निवडाव्यात. जागा आटोपशीर असेल तर हेच बरे, असे माझे मत आहे.

४. बसल्यावर आधी पाहा

ऑर्डर काउंटरवर द्यायची की टेबलावर, पैसे आधी द्यायचे की शेवटी, हे आजूबाजूला दोन मिनिटे पाहिले की समजते. न मागता टेबलावर आलेला पदार्थ फुकट असेल असे गृहीत धरू नये. ‘आजचा खास’ म्हणून तोंडी सांगितलेल्या आणि वजनावर विकल्या जाणाऱ्या पदार्थांचा दर ऑर्डर देण्यापूर्वीच विचारावा. तिथे आलेल्या इतर लोकांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत; त्यांच्यासाठी ती रोजची, खासगी जागा असते.

५. मद्याचा हिशेब ठेवा

५ टक्के मद्यार्काच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. १२ टक्क्यांच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये आणि ४० टक्क्यांच्या ४५ मिलिलिटर व्हिस्कीमध्ये सुमारे १४ ग्रॅम. म्हणजे ‘मी फक्त बिअर घेतो’ या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचाच निचरा करते, त्यामुळे तीन बिअरचा अंमल उतरायला चार-पाच तास सहज लागतात. कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ हा वेग वाढवत नाही. पोटात अन्न असल्यास अल्कोहोल रक्तात हळू मिसळते, म्हणून जेवण आधी किंवा सोबत मागवावे आणि दर पेल्यामागे एक ग्लास पाणी प्यावे. पेला नजरेआड ठेवू नये. बिनलेबलची, सील तुटलेली किंवा संशयास्पद स्वस्त दारू घेऊ नये, कारण भेसळीतल्या मिथेनॉलने दृष्टी आणि जीवही जाऊ शकतो.

न पिणाऱ्याला आग्रह करू नये आणि त्याला गृहीत धरून चालकही करू नये. गाडी चालवणार का, हे त्याला दिवसाच विचारावे.

६. बिल चुकते करा

एकाने पूर्ण बिल भरून नंतर वाटणी करणे सोपे असते. मद्याची रक्कम वेगळी काढून ती घेणाऱ्यांतच वाटावी आणि जेवण समान वाटावे. सेवाशुल्क आधीच लावले आहे का ते पाहूनच टिपचा विचार करावा. परदेशात कार्डाच्या यंत्राने ‘तुमच्या चलनात की स्थानिक चलनात’ असे विचारल्यास स्थानिक चलन निवडावे. आपल्या चलनातील रूपांतराचा दर सहसा महाग पडतो.

७. एकत्र परत या

शेवटच्या बस-रेल्वेची वेळ आणि मुक्कामाचा पत्ता प्रत्येकाच्या फोनमध्ये, शिवाय एका कागदावर असावा. कोणी जास्त प्यायला असेल तर ‘झोपला की उतरेल’ म्हणून एकटे सोडू नये: त्याला कुशीवर निजवून कोणीतरी जवळ थांबावे. तो हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार संथ किंवा अडखळत असेल, त्वचा थंड व निळसर पडली असेल, तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी. दुसऱ्या दिवशी कोणाला अंधूक दिसू लागले, तर ती नेहमीची डोकेदुखी समजून थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे. मिथेनॉलची लक्षणे दिसायला बारा ते चोवीस तासही लागू शकतात.