फ्रेमच्या आतून ब्रेकचा होज नेताना

सायकल दुरुस्तीचे काम शिकू लागलो तेव्हा पहिल्या काही महिन्यांत मला सर्वांत जास्त धास्ती वाटत असे ती फ्रेमच्या आतून जाणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकच्या होजची, म्हणजे लिव्हर दाबल्याचा जोर तेलाद्वारे चाकाजवळच्या ब्रेकपर्यंत पोचवणाऱ्या लवचीक नळीची. चाकाचा आऊट काढणे किंवा गिअर लावणे या कामांत चूक झाली की ती समोर दिसते. फ्रेमच्या नळीत मात्र ना हात पोचतो ना नजर. या कामात हातचलाखीपेक्षा कामाचा क्रम महत्त्वाचा असतो, हे मला एक अख्खी दुपार वाया घालवल्यानंतर उमगले. नव्याने शिकणाऱ्यांची तशी दुपार वाचावी म्हणून हे लिहीत आहे.

त्या दिवशी मागच्या ब्रेकचा मुडपलेला होज बदलायचा होता. मी लिव्हरकडचा जोड सोडवला, चाकाजवळचा, पॅड दाबणारा कॅलिपरही सोडवला आणि जुना होज मागच्या बाजूने सरळ ओढून बाहेर काढला. काम निम्मे झाले असे समजून मी नवा होज चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीच्या) छिद्रातून आत सरकवू लागलो. तो बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा अॅक्सल फिरतो त्या बेअरिंगच्या, पोकळीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. गुंडाळीतून आलेल्या होजला स्वतःचा बाक असतो, त्यामुळे त्याचे टोक डाउनट्यूबच्या (तिथून हँडलकडे वर जाणाऱ्या नळीच्या) तोंडाकडे न वळता दरवेळी पोकळीच्या भिंतीवर जाऊन टेकत होते. टॉर्च दातांत धरून आणि जुन्या स्पोकचे टोक आकड्यासारखे वाकवून मी दोन तास झटलो. शेवटी उस्तादांनी शांतपणे एवढेच सांगितले, "जुनं बाहेर काढायच्या आधी त्याच्या शेपटीला नवं बांधायचं असतं."

हे शेपटीला बांधणे म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण या कामातला निम्मा त्रास त्यातच टळतो. होजचा बाहेरचा व्यास साधारण ५ मिमी असतो आणि लिव्हरकडच्या टोकावर ऑलिव्ह नावाची पितळी कडी दाबून बसलेली असते. ही कडी होजपेक्षा जाड असल्याने फ्रेमच्या छिद्रात अडकते, म्हणून ऑलिव्ह आणि बार्ब (होजच्या तोंडात ठोकलेली बारीक धातूची नळी) यांच्यासकट ते टोक आधी कापून टाकावे. मग दोन्ही बाजूंना आटे असलेली छोटी जोडपिन जुन्या आणि नव्या होजच्या तोंडांत फिरवून बसवावी, म्हणजे दोन्ही होज मिळून एकच लांब दोरी तयार होते. जोडावर पातळ टेपचा एकच वेढा पुरतो. जास्त वेढे दिले तर तीच गाठ आत अडते. यानंतर एका हाताने जुना होज ओढायचा आणि दुसऱ्या हाताने नवा ढकलायचा. केवळ ओढत राहिल्यास जोड आतच सुटू शकतो.

कोणत्या टोकाकडून सुरुवात करायची, हे होजवरच ठरते. काही होजच्या कॅलिपरकडच्या टोकाला बँजो, म्हणजे बोल्ट आरपार जाणारा गोल डोक्याचा जोड, कारखान्यातूनच बसवून येतो. असा होज मागून पुढेच न्यावा लागतो, कारण बँजोचे डोके छिद्रातून जात नाही आणि कापता येते ते फक्त लिव्हरकडचे टोक. कोणता लिव्हर कोणत्या चाकाचा, हेही सायकलच्या मालकाला आधीच विचारून घ्यावे. काही देशांत उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकचा असतो, तर काही देशांत मागच्या, आणि त्यानुसार होज फ्रेममध्ये कोणत्या बाजूने शिरल्यास त्याचा बाक सैल राहील ते बदलते.

फ्रेम नवी कोरी असेल तर ओढायला जुना होज नसतो. काही कार्बन फ्रेममध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत आतली नळी साच्यातच घडवलेली असते. तिथे होज नुसता ढकलला की पलीकडे निघतो. नळी नसेल तर चुंबकाची गाइड वायर वापरावी. लोहचुंबकीय टोक असलेली वायर आत सोडायची, बाहेरून फ्रेमवर मोठे चुंबक धरून तिला हळूहळू पुढे न्यायचे, आणि छिद्राजवळ दुसऱ्या चुंबकाने पकडून बाहेर काढायचे. दोन्ही टोके आत एकमेकांना चिकटली की बारीकसा टक् आवाज येतो, आणि तो ऐकण्यासाठी कान फ्रेमला लावून बसलेला मेकॅनिक पाहिला तर हसू नये. अॅल्युमिनियम, कार्बन आणि टायटॅनियम यांच्या फ्रेममध्ये ही युक्ती छान चालते. पोलादी फ्रेममध्ये मात्र चुंबक नळीच्या भिंतीलाच चिकटून बसते. तिथे आधी बारीक केबल पार करावी आणि तिच्या मागून होज ओढावा.

मागच्या होजसाठी क्रँक (पेडलचे दांडे) आणि बॉटम ब्रॅकेट काढण्याचा कंटाळा करू नये. ते काढल्यावर चेनस्टेचे तोंड आणि डाउनट्यूबचे तोंड ही दोन्ही डोळ्यांसमोर येतात. होज पार झाल्यावर तो पोकळीच्या कडेला बसला आहे ना, हे बॉटम ब्रॅकेट परत घालण्याआधी आणि घातल्यावरही तपासावे. मधोमध राहिलेला होज फिरणाऱ्या अॅक्सलला घासतो, आणि ती घासण बाहेरून कोणालाही दिसत नाही. डाउनट्यूबमधल्या भागावर फोमची नळी चढवावी, नाहीतर खडबडीत रस्त्यावर होज आतून खडखडत राहतो. आणि ही नळी चढवायची वेळ होज फ्रेमच्या आत जाण्यापूर्वीच असते. मी ती दोनदा विसरलो आहे. फोर्कमधून जाणाऱ्या पुढच्या होजबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. मार्ग आखूड असतो आणि दोन्ही तोंडे बहुधा दिसतात.

हेडसेटमधून, म्हणजे हँडल ज्यावर वळते त्या बेअरिंगच्या जोडातून, होज नेणाऱ्या फ्रेमबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. त्या दिसायला देखण्या असतात, पण होज वरच्या बेअरिंगच्या मधून जात असल्यामुळे पुढे कधी ते बेअरिंग बदलायचे झाले की बहुतेक वेळा होजचा जोड सोडून ब्रेक पुन्हा ब्लीड करावा लागतो, म्हणजे तेल भरून आतली हवा काढावी लागते. अशा फ्रेममध्ये बेअरिंग आधीच तपासून घ्यावे, आणि जराही खरखर जाणवली तर होज घालण्यापूर्वीच बदलून टाकावे.

होज कापण्याची घाई मात्र अजिबात करू नये. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे, मागे सस्पेन्शन असेल तर ते दाबूनही पाहावे, आणि होज कुठेही ताणला जात नाही याची खात्री झाल्यावरच खूण करावी. लांब होज पुन्हा कापता येतो, आखूड झालेला वाढवता येत नाही. कटरने काप काटकोनात घ्यावा. मग आधी रबरी टोपी, नंतर नट, नंतर ऑलिव्ह असे होजवर ओवून सर्वांत शेवटी बार्ब ठोकावा. बार्ब बसला आणि नट टेबलावरच राहिला, हा प्रसंग प्रत्येक शिकाऱ्यावर एकदा तरी येतो. नट आवळताना होज लिव्हरकडे दाबून धरावा. शिमानोच्या अशा जोडाला ८ मिमीचा पाना आणि ५ ते ७ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. एकदा दबलेली ऑलिव्ह आणि काढलेला बार्ब पुन्हा वापरू नये.

तेलाच्या बाबतीत अंदाज चालत नाही. शिमानो आणि मागुरा मिनरल ऑइल वापरतात. स्रॅमच्या अनेक ब्रेकना डॉट ५.१ हे वेगळ्या प्रकारचे ब्रेक तेल लागते, पण त्याच कंपनीच्या मेवन ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते. म्हणून कंपनीचे नाव पाहून न थांबता लिव्हरवर लिहिलेले वाचावे. चुकीच्या तेलाने आतली सीले फुगतात, आणि डॉट तेल सांडले तर फ्रेमचा रंग उतरतो. होज आत सरकवताना त्याचे टोक बंद ठेवावे, म्हणजे नळीत तेल ठिबकणार नाही.

ब्लीडिंगपूर्वी चाक आणि पॅड काढून दूर ठेवावेत आणि पिस्टनच्या मधे ब्लीड ब्लॉक (पिस्टन जागेवर धरणारा ठोकळा) घालावा. पॅडला तेलाचा हात लागला तरी ब्रेक कुरकुरतो. फ्रेमच्या आतून गेलेल्या होजला चढउतार असतात आणि हवेचा बुडबुडा उंच जागी अडून बसतो. त्यामुळे सायकल स्टँडवर पुढून उंच होईल अशी तिरकी करावी आणि कॅलिपरकडून तेल चढवताना स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने होजच्या मार्गावर हलके टिचके मारावेत. शेवटचे दोन-तीन बुडबुडे बऱ्याचदा त्याच वेळी लिव्हरवर लावलेल्या फनेलमध्ये वर येतात.

पॅड आणि चाक परत बसवल्यावर मी लिव्हर दाबून रबराने बांधतो, नटाभोवती कोरड्या टिश्यूची पट्टी गुंडाळतो आणि सायकल रात्रभर तशीच ठेवतो. सकाळी पट्टी कोरडी निघाली की होजची कापलेली लांबी आणि तो कोणत्या बाजूने शिरला आहे, ही नोंद त्या सायकलच्या कार्डावर लिहून ठेवतो.