फोकसर घरी बनवताय? या चुका टाळा

नाशिकच्या अंबडमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये रविवारी लेथ (कातकामाचं यंत्र) मोकळा असतो, त्यामुळे माझे बरेच रविवार तिथेच जातात. दुर्बिणीचा आरसा चार-चार महिने चिकाटीने घासणारी मंडळी फोकसर, म्हणजे डोळ्याकडचं भिंग (आयपीस) पुढेमागे सरकवून प्रतिमा स्पष्ट करणारा भाग, मात्र एका दुपारी उरकायला बघतात आणि पुढच्या रविवारी तोच पिशवीत घालून माझ्या पुढ्यात ठेवतात. चुका ठरलेल्या.

पहिली माझीच सांगतो. शनिवारी अमावस्या, त्र्यंबक रोडने अंजनेरीकडे जायचं ठरलेलं, आणि शुक्रवारी रात्री माझा फोकसर अर्धवट. भंगारात ॲल्युमिनियमचा पातळ पाइप मिळाला होता. रॉडमधून एवढं मटेरियल कोण काढत बसणार, म्हणून तोच लेथच्या तीन जबड्यांच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, आवळला आणि आतून कातून बोअर (भोक) केला. व्हर्नियरवर ३१.८० आलं. सव्वा इंची आयपीसचं नळकांडं ३१.७५ मिमी, म्हणजे माप अगदी मनासारखं. जॉब, म्हणजे तो पाइप, चकमधून काढला, आयपीस घातली, तर निम्म्यात अडकली. नीट पाहिलं तर बोअर गोल राहिलाच नव्हता. शेजारच्या लेथवरचे मामा न बघताच म्हणाले, “अहो, पाइप आवळला होतात ना? मग सुटल्यावर तो फुगणारच.” आवळलेल्या अवस्थेत बोअर गोल होता. चक सोडला तसा पाइप मूळ आकारावर गेला, आणि बोअर तीन ठिकाणी बाहेर, तीन ठिकाणी आत. भरीला जॉब गरम असताना मोजला होता. एवढ्या व्यासाचं ॲल्युमिनियम ४० अंश थंड झालं की बोअर जवळपास ०.०३ मिमी आक्रसतो. त्या अमावस्येला मी दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून आकाश पाहिलं.

तेव्हापासून मी ड्रॉट्यूबला (फोकसरच्या सरकत्या नळीला) पाइप वापरत नाही. ४० मिमीचा भरीव रॉड घेतो. फेसिंग (तोंड सपाट करणं), बोअर आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये, पार्टिंग (तुकडा कापून वेगळा करणं) सगळ्यात शेवटी. मध्ये जॉब काढून परत बांधला की आतलं वर्तुळ आणि बाहेरचं वर्तुळ यांची फारकत झालीच समजा. शेवटचा कट घेण्याआधी चहा पिऊन येतो, तोवर जॉब थंड होतो. कोणी याला वेळकाढूपणा म्हणतं. म्हणू दे.

दुसरी चूक फोकसरच्या उंचीची. एक कॉलेजचा मुलगा स्वतः घासलेला १५० मिमीचा आरसा बसवून दुर्बीण घेऊन आला. “काका, चंद्र फोकसच होत नाही. फोकसर पूर्ण आत घातला तरी नाही.” आरशाचं नाभीय अंतर किती? म्हणाला ९००. मोजलंस? नाही, ठरवलं तेवढं होतं! हाताने घासलेला आरसा ठरवलेल्या आकड्यावर क्वचितच थांबतो. भिंतीवर लांबच्या दिव्याची प्रतिमा पाडून मोजलं तर २६ मिमी कमी भरलं. प्रतिमा तेवढीच नळीच्या दिशेने आत सरकलेली, वर याचा फोकसर चांगला उंच. नवा फोकसर करायला निघाला होता, त्याला थांबवलं. लांब बोल्ट घालून मुख्य आरसाच २६ मिमी पुढे घेतला, काम झालं.

उलट टोकाचेही असतात: ड्रॉट्यूब इतकी लांब की आत घातली की प्रकाशाच्या वाटेतच उभी. कॅमेरा लावायचा असेल तर आणखी जागा धरा. टी-रिंगच्या (कॅमेरा फोकसरला जोडणाऱ्या कडीच्या) पुढच्या कडेपासून डीएसएलआरचा सेन्सर ५५ मिमी मागे असतो. आधी आरसा मोजा, मग कागदावर चित्र काढा, मग रॉड विकत घ्या.

क्रेफर्ड, म्हणजे नॉबच्या दांड्याने (शाफ्टने) ड्रॉट्यूब सरकवणारा फोकसर, घसरतो म्हणून तो दांडा दाबणारा प्रेशर स्क्रू आवळत सुटू नका. बहुतेक वेळा शाफ्टवर कोणीतरी हौसेने ग्रीस लावलेलं असतं. क्रेफर्ड दात्यांवर नाही, घर्षणावर चालतो. स्पिरिटने पुसा. तरी घसरला तर ड्रॉट्यूबवरची सपाट पट्टी खरंच सपाट आहे का ते बघा.

शाफ्ट जाड घेऊ नका. ६ मिमीचा शाफ्ट एका फेऱ्यात ट्यूब जवळपास १९ मिमी सरकवतो. एफ/५ च्या (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट असलेल्या) दुर्बिणीत फोकसची पट्टी, म्हणजे प्रतिमा स्पष्ट राहते तेवढी जागा, साधारण ०.०६ मिमीची, म्हणजे बोटाने एका अंशाएवढी हालचाल साधायची. मी ४ मिमीचा वापरतो आणि नॉब मोठा ठेवतो.

बाकीच्या किरकोळ. आयपीस पकडणारा ग्रब स्क्रू थेट तिच्यावर टेकवू नका, मध्ये पितळी पट्टी घाला. बोअर चकचकीत ठेवू नका, आतून बारीक आटे पाडून मॅट काळा रंग मारा. फोकसरचा सपाट बेस दुर्बिणीच्या गोल नळीवर तसाच आवळू नका, खाली नळीच्या गोलाईचा लाकडी ठोकळा घाला.

आणि थ्रीडी प्रिंटवाल्यांनो, पीएलए (प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एप्रिलमध्ये दुपारभर बंद गाडीत ठेवलेला एक फोकसर माझ्या कपाटात आहे, केळ्यासारखा वाकलेला. हवा असेल तर बघायला या.