डबी सापडली नाही, तर नोंद कशी लिहावी

मे २००० च्या आरंभी अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. जिओकॅशिंगची सुरुवात तिथून झाली. लपवलेली डबी शोधावी, तिच्यातल्या नोंदवहीत सही करावी आणि मग संकेतस्थळावर नोंद टाकावी, एवढाच हा खेळ आहे. डबी मिळाली की नोंद लिहायला कोणी विसरत नाही. हात हलवत परतल्यावर मात्र अनेक जण काहीच लिहीत नाहीत. न सापडल्याच्या ज्या नोंदीला खेळाडू ‘डीएनएफ’ (‘डिड नॉट फाइंड’) म्हणतात, ती न लिहिल्यामुळे डबी ठेवणाऱ्याचे आणि पुढच्या शोधणाऱ्याचे मोठे नुकसान होते, असे माझे ठाम मत आहे.

ही नोंद ‘डबी तिथे नाही’ असे सांगत नाही; ‘मी शोधली आणि मला मिळाली नाही’ इतकेच सांगते. हा फरक मनात पक्का असला की लिहिण्याचा संकोच बराच कमी होतो. प्रत्येक डबीला काठिण्याची श्रेणी १ पासून ५ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या टप्प्याने दिलेली असते. काठिण्य ५ असलेल्या डबीवर ओळीने चार डीएनएफ असणे अगदी स्वाभाविक आहे, पण १.५ काठिण्याच्या, एरवी सगळ्यांना मिळणाऱ्या डबीवर लागोपाठ तीन आले, तर ठेवणाऱ्याने जाऊन पाहिले पाहिजे. हे त्याला कळण्याचा दुसरा मार्ग सहसा नसतो.

शोध कधी सुरू झाला असे धरावे, याबद्दल खेळाडूंमध्ये मतभेद आहेत. दिलेल्या जागी पोहोचून लपवण्याजोगी एक जरी जागा पाहिली, तरी तो शोध झाला असे मी धरतो, मग आजूबाजूला माणसे असल्यामुळे पाच मिनिटांतच निघावे लागले तरीही. वाहनतळावरूनच पावसामुळे परतलो, तर तो शोध नव्हे. रस्ता बंद असल्यासारखी उपयोगी माहिती असेल, तर सापडली की नाही हे न सांगणारी साधी टिपण-नोंद पुरेशी आहे.

नोंदीचा मजकूर शक्यतो तिथेच, निघण्यापूर्वी, फोनवर किंवा वहीत उतरवावा, कारण घरी पोहोचेपर्यंत न पाहिलेली जागाही पाहिल्यासारखी वाटू लागते. किती वेळ शोधले, किती जण होते, जीपीएस यंत्र किती मीटरची चूक दाखवत होते, कोणत्या जागा पाहिल्या, कोणत्या पाहता आल्या नाहीत आणि शोध का थांबवला, हे लिहावे. यंत्राच्या चुकीला महत्त्व आहे. संकेतस्थळावर स्थान मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत देतात आणि अक्षांशात तो एक भाग सुमारे १.८५ मीटरचा असतो. परंतु उंच झाडांखाली किंवा कड्याला लागून यंत्र सहज दहा मीटर इकडे-तिकडे होते, आणि ठेवणाऱ्याच्या यंत्रातही काही चूक असतेच. पोर्टलंडच्या फॉरेस्ट पार्कमधल्या डग्लस फरच्या दाट झाडीत शोधताना मी लिहिलेली एक नोंद अशी होती:

‘सकाळी १० ते १०.४० शोधले. आम्ही दोघे होतो. यंत्र ९ मीटरपर्यंत चूक दाखवत होते. पडलेल्या ओंडक्याच्या दोन्ही बाजू आणि पायवाटेलगतचे दगड पाहिले. उताराची खालची बाजू निसरडी असल्यामुळे पाहिली नाही. पाऊस वाढल्यावर परतलो.’

यात डबी गहाळ झाल्याचा तर्क नाही. तर्क करायचाच असेल, तर तो वेगळ्या वाक्यात, ‘मला वाटते’ असे स्पष्ट म्हणून, कारणासह लिहावा. देखभालीची गरज कळवणारी नोंद डबी फुटलेली, नोंदवही भिजलेली किंवा लपवण्याची जागाच नाहीशी झालेली प्रत्यक्ष पाहिली असेल तेव्हा टाकावी. केवळ आपल्याला मिळाली नाही म्हणून नव्हे. डबीच्या पानावरची सूचना रोमन अक्षरे तेरा घरे सरकवून झाकलेली असते. ती उलगडून नोंदीत टाकू नये, म्हणजे पुढच्याचा शोध बिघडत नाही.

सापडलेल्या डब्यांचा आपला आकडा वाढावा म्हणून काही जण सापडली नाही तिथे स्वतःची नवी डबी ठेवतात आणि ‘सापडली’ अशी नोंद करतात. हे कटाक्षाने टाळावे. मूळ डबी दोन हातांवर असेल, तर पुढे एकाच जागी दोन डब्या होतात आणि कोणती खरी हे ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही. डीएनएफऐवजी मुद्दाम टिपण-नोंद लिहिणेही मला मान्य नाही. अपयश आपल्या आकडेवारीत दिसू नये म्हणून केलेली ती लपवाछपवी असते, आणि नोंदींचा इतिहास चाळणाऱ्याला त्यातून चुकीचे चित्र मिळते.

त्याच डबीसाठी पुन्हा गेलो आणि पुन्हा मिळाली नाही, तर दुसरी नोंद स्वतंत्र, दुसऱ्या तारखेची हवी. पुढे डबी मिळाली तरी आधीच्या नोंदी पुसू नयेत. फॉरेस्ट पार्कमधल्या त्या डबीसाठी मी तीनदा गेलो. दुसऱ्या वेळी मी ‘बहुधा गहाळ’ असे लिहून बसलो होतो. तिसऱ्या वेळी कोरड्या दिवशी उताराच्या खालच्या बाजूला उतरलो, तेव्हा फिल्मची जुनी डबी मुळांच्या खोबणीत जशीच्या तशी होती. वहीत सही केली आणि सापडल्याच्या नोंदीत पहिले वाक्य असे लिहिले की माझा मागचा तर्क चुकीचा होता, डबी जागेवर आणि सुस्थितीत आहे.