चराचं तोंड उघडलंत का?

मृगाचा पाऊस पडून गेला की राऊ, तिल्लोर, सांवेरकडून फोन येतात, 'रोपं लागली काका, मस्त हिरवी आहेत.' जुलैच्या मध्यावर तीच माणसं पुन्हा फोन करतात, 'मिरची माना टाकतेय, काय मारू?' काही मारू नका. जे करायचं ते जूनमध्ये करायचं होतं, आणि त्याला एक फावडं नि एक सकाळ पुरली असती.

इंदूरभोवती बिघा-दोन बिघे वर्षाच्या करारावर घेऊन भाजी करणारे आपले बरेच जण आहेत. गादीवाफे (जमिनीपासून उंच केलेले वाफे) सगळेच करतात, सऱ्या काढतात, काही जण कडेने चरही खणतात. पण चराचं तोंड, म्हणजे जिथून पाणी शेताबाहेर पडायचं ती जागा, बंदच राहते. कारण ठरलेलं: खालचा बांध मालकाचा, पलीकडचं शेत तिसऱ्याचं, आणि 'जमीन कुठे आपली आहे'. तोंड नसलेला चर म्हणजे लांबट डबकं. त्यापेक्षा चर नसलेला बरा.

आपली काळी माती इथे फसवते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिले दोन-तीन पाऊस त्या भेगा गटागटा पितात. शेतात पाणी दिसत नाही, माणूस खूश होतो, 'आपल्या जमिनीचा निचरा चांगला आहे.' मग माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन ताटासारखी होते. त्यानंतरचा पहिला मोठा पाऊस घात करतो. माझा आपला अंदाज असा, की भेगेत बोट शिरेनासं झालं की पुढचे आठ दिवस जागं राहायचं. 'डग डग रोटी, पग पग नीर' म्हणून माळव्याचं कौतुक होतं, पण मिरचीच्या वाफ्यात पावलोपावली नीर असेल तर रोटीचं काही खरं नाही.

पाण्यात उभं असलेलं झाड कोमेजतं, हे पुष्कळांना पटत नाही. मुळांनाही श्वास लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की दिवस-दोन दिवसांत तिथला प्राणवायू संपतो, मुळं पाणी ओढणं थांबवतात आणि पानं लोंबतात. पानं लोंबली म्हणून पाण्याची मोटार सुरू करणारे मी डोळ्यांनी पाहिलेत! त्यात मूळकुजीच्या बुरशीचे बीजाणू पाण्यात पोहतात, एका झाडाचं दुखणं सरीभर पोचवतात.

मी स्वतः शिकलो ते टोमॅटोवर. बायपासजवळ घेतलेला तुकडा, शेजारी नवी कॉलनी, तिचा रस्ता आमच्या शेतापेक्षा हातभर उंच. रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी सऱ्यांमध्ये घोटाभर पाणी. चर होता, पण खालच्या टोकाला प्लास्टिकची पन्नी, निंदणीचं गवत आणि मीच टाकलेल्या मातीचा ढीग. एक झाड उपटलं. मुळाची साल दोऱ्यासारखी बोटात निघून आली, आत काळपट, आणि वास नालीचा. ते झाड घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने मुळाकडे पाहिलंही नाही, तीन बाटल्या काढल्या: एक बुरशीची, एक 'टॉनिक', एक 'बूस्टर'. शेतात पाणी साचलंय का, हा प्रश्न त्याने विचारला नाही. कशाला विचारेल? फावडं तो विकत नाही.

तर आता, आर्द्रा लागायच्या आत:

शेताची सगळ्यात खोल जागा शोधा. नजरेवर जाऊ नका, गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी तासाभरासाठी मागून आणा. चर दीड फूट रुंद, दीड ते दोन फूट खोल, उतार त्या खोल जागेकडे. तिथे तोंड फोडा आणि पाणी नाल्याला किंवा रस्त्याकडेच्या नालीला लागेपर्यंत स्वतः चालत जा. मध्ये दुसऱ्याचं शेत असेल तर आधी त्याच्याकडे चहा प्यायला जा. पाऊस सुरू झाल्यावर हीच गोष्ट भांडणाची होते. तोंडाशी काड्यांची जाळी रोवा, म्हणजे पन्नी चरात अडकणार नाही. जाळी दर पावसानंतर साफ करायची.

मालक 'नाली मत खोदना, बेचने के टाइम दिक्कत आएगी' म्हणतो, हे दरवर्षीचं. लिखापढीतच एक ओळ घालून घ्या: पावसाळ्यात चर खणू, हंगाम संपला की बुजवून देऊ. तेवढ्यावर बहुतेक मालक मानतात. जो मानत नाही त्याच्या जमिनीवर पावसाळ्यात मिरची-टोमॅटो लावू नका. मांडवावर गिलकी, दोडका घ्या, तेही उंच वरंब्यावर.

बाकीचं थोडक्यात:
• रोपवाटिका: गादीवाफा 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर उंच. काळ्या मातीत मी उंची 20 करतो.
• बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) 5 ग्रॅम प्रति किलो बियाणं.
• जमिनीत: ट्रायकोडर्मा हेक्टरी 2.5 किलो, 100 किलो मुरलेल्या शेणखतात मिसळून.
• किडीसाठी: टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची 1 ओळ. लावताना झेंडूचं रोप 45 दिवसांचं, टोमॅटोचं 25.
• किडीसाठीच पिवळे चिकट सापळे एकरी 10 ते 12.
• खताचा खड्डा पावसाळ्यात नको, ढीग जमिनीवर रचा. 1924 नंतर इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी याच इंदुरात कंपोस्टची पद्धत बसवली, तेव्हा पावसाळ्यात तेही खड्ड्याऐवजी जमिनीवरच ढीग रचत. कुजायलासुद्धा हवा लागते.

पाणी साचलंच, तर पहिल्या 24 तासांत फक्त पाणी काढा. फवारणी नको, खत नको, चिखलात पाय नको. चिखल तुडवला की माती विटेसारखी बसते. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाली, की खुरप्याने वरची पापडी हलकी फोडा. पानं पिवळी पडली असतील तर युरिया 10 ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून एक फवारणी. 'टॉनिक'च्या नावाखाली जे खपवतात त्यापेक्षा याचा गुण लवकर दिसतो, आणि खर्च चहाच्या कपाएवढा.

मूळकूज दिसली तर कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक 3 ग्रॅम प्रति लिटर, बुंध्याशी आळवणी, म्हणजे ते पाणी मुळाशी ओतायचं. नाहीतर घरी केलेलं बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण: मोरचूद 100 ग्रॅम, कळीचा चुना 100 ग्रॅम, पाणी 10 लिटर. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत अर्ध्या-अर्ध्या पाण्यात विरघळवा, मग एकत्र ओता. विळ्याचं पातं घासून त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घाला. केलेलं त्याच दिवशी संपवा. मेलेली झाडं उपटून शेताबाहेर न्या, चरात टाकू नका. माझ्या चराचं तोंड असल्याच कचऱ्याने बुजलं होतं.

हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, 'मेघदूत' अ‍ॅपवर जिल्ह्याचा पाहता येतो. जोराचा पाऊस सांगितला असेल तर तोडणी आदल्या दिवशी उरकून माल चोइथराम मंडीत पोचवा आणि संध्याकाळी फावडं घेऊन चराच्या तोंडाशी जा. रात्री पावसाने जाग आली तर बॅटरी घेऊन पुन्हा एकदा. खळखळ ऐकू आली पाहिजे. आवाज नसेल तर उतरा पाण्यात, हाताने चाचपा, पन्नी तिथेच असेल.