एचसीआयमध्ये संशोधन करायचंय? मग बागेत बसायची तयारी ठेवा

नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं अधूनमधून विचारतात, "ह्यूमन-कम्प्युटर इंटरॅक्शनमध्ये (एचसीआय, म्हणजे माणूस कम्प्युटर कसा वापरतो त्याचा अभ्यास) रिसर्च करायचाय, कुठली पायथन लायब्ररी शिकू?" लायब्ररी काय, शिकालच. या विषयात खरी दमछाक होते ती माणसाचं निरीक्षण करताना.

माझा विषय पर्सनलायझेशनचा : द्राक्ष बागायतदाराला त्याच्यापुरता सल्ला देणारं ॲप. कोडिंगच्या आधी गाइडनी दिंडोरीकडे पिटाळलं. एका काकांनी नमुन्याचं ॲप उघडलं, फोन हातभर लांब धरून 'आजचा सल्ला' वाचला आणि खिशातून फवारणीची डायरी काढली. "कुठल्या प्लॉटचा सल्ला हा? वरच्याला बत्तिसावा दिवस चालूय, खालच्याला एकोणिसावा."

ऑक्टोबर छाटणीपासून दिवस मोजायचे, ही बागेतली रीत. डावणी या बुरशीच्या रोगाची भीती, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, सगळं त्या आकड्यावर. म्हणजे एका खात्यामागे दोन प्लॉट, दोन वेळापत्रकं. वर फोन मुलाचा, तो संध्याकाळी रील्स बघणार. 'युजर' म्हणून नेमकं कुणाला धरायचं, हाच माझा संशोधनाचा प्रश्न झाला. शिफारस करणाऱ्या सिस्टिममध्ये नव्या माणसाबद्दल माहितीच नसते, त्याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. इथे प्लॉटची छाटणीची तारीख विचारली की ती अडचण बरीचशी सुटते. शिवाय चुकीचा सिनेमा सुचवला तर दोन तास वाया जातात, चुकीची फवारणी सुचवली तर हंगाम. त्यामुळे 'हा सल्ला का दिला' ते स्क्रीनवर दिसायलाच हवं.

आता चाचण्यांबद्दल. आपल्याकडे "ॲप कसं वाटलं?" विचारलं की "छान आहे की!" हेच उत्तर येतं. पाहुण्याला कोण नाही म्हणणार? म्हणून मत विचारू नका, काम द्या : "उद्याची फवारणी शोधून दाखवा," आणि गप्प बसा. बोट कुठे अडतं ते बघा. जॉन ब्रूक यांनी 1986 मध्ये तयार केलेली एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही, वापरायला किती सोपं ते मोजणारी दहा विधानांची प्रश्नावली सगळेच वापरतात. तिच्यात एक विधान स्तुतीचं, पुढचं तक्रारीचं, अशी आलटापालट असते. मराठीत वाचून दाखवली की भिडेखातर दोन्हींना "हो" मिळतं, आणि मग स्कोअरला अर्थ राहत नाही. चाचणीला 'पाच युजर पुरेत' असं म्हणतात, तेही सरसकट खरं नाही. इंटरफेसमधले ठळक दोष शोधायला पुरतात, दोन डिझाइनची आकडेवारीने तुलना करायला नाही.

संमतीपत्राला कागदी सोपस्कार समजू नका. नेटफ्लिक्सने 2006 मध्ये स्पर्धेसाठी नावं काढून रेटिंग्ज खुली केली. तरी त्यातली माणसं ओळखता येतात, हे टेक्सास विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं. आपल्याकडे तर गाव, वाण आणि छाटणीची तारीख एवढं सांगितलं की पारावरचा कुणीही बागेच्या मालकाचं नाव सांगेल.

प्रवेशाचं थोडक्यात : डिझाइनच्या अंगाने जायचं तर सीड परीक्षा, ती आयआयटी मुंबई घेते. तिथल्याच आयडीसी या डिझाइन विभागात एम.डेस. (डिझाइनची मास्टर्स पदवी) आणि पीएच.डी. दोन्ही होतात. कम्प्युटर सायन्सकडून जायचं तर गेट. बी.ई.चा प्रोजेक्ट याच विषयात करून ठेवा. मुलाखतीत 'मॉडेलची अचूकता किती' यापेक्षा 'कुणाबरोबर तपासलंत' यावर जास्त वेळ जातो, निदान माझा गेला. शास्त्र शाखेचं नसलं तरी चालेल. मानसशास्त्र शिकलेली माझी सहकारी प्रयोगाची आखणी माझ्याहून कितीतरी नेटकी करते.

आणि बागांमध्ये फील्डवर्क करणार असाल तर फेब्रुवारी-मार्च टाळा. काढणी चालू असते, कुणाला मान वर करायला सवड नसते. जायचंच असेल तर लॅपटॉप गाडीत ठेवा आणि क्रेट उचलायला लागा, प्रश्न जेवणाच्या सुट्टीत विचारता येतात.