इंदुरी शेवेतला खवटपणा मोजताना

इंदूरच्या लवंग शेवेचा किंवा ओव्याच्या शेवेचा खवटपणा गॅस क्रोमॅटोग्राफीने (वाफेतले घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने) तपासायचा असेल, तर शेवेतून काढलेले तेल थेट यंत्राच्या इंजेक्टरमध्ये न सोडता बंद व्हायलमधली (छोट्या बाटलीतली) वाफ एसपीएमई फायबरवर, म्हणजे शोषक लेप असलेल्या बारीक धाग्यावर, शोषून घ्यावी. त्यामुळे न उडणारे मेद लायनर (इंजेक्टरमधली काचेची नळी) आणि कॉलमपर्यंत (घटक वेगळे करणाऱ्या लांब नळीपर्यंत) पोचतच नाहीत. तेलातल्या लिनोलेइक आम्लाच्या ऑक्सिडीकरणातून तयार होणारे हेक्झॅनल हे उडणारे संयुग ही येथे खवटपणाची मुख्य खूण. नमुना थंड करून कुटावा आणि व्हायल ४० ते ५० अंश सेल्सिअसवरच ठेवावी, कारण जास्त उष्णता दिली की ऑक्सिडीकरणात आधी बनलेली हायड्रोपेरॉक्साइडे व्हायलमध्येच फुटतात आणि दुकानातल्या शेवेत नसलेला खवटपणा प्रयोगशाळेत तयार होतो.

खरी अडचण मसाल्याची आहे. लवंगेतले युजेनॉल आणि ओव्यातले थायमॉल इतके विपुल असते की फायबरवरची जागा तेच बळकावतात. म्हणून शोषणाचा वेळ वाढवण्याचा मोह टाळावा. वॅक्स (ध्रुवीय लेपाच्या) कॉलमवर हेक्झॅनलच्या शेजारीच मसाल्यातले बीटा-पिनीन हे टर्पीन येते. ५ टक्के फिनाइलच्या (कमी ध्रुवीय लेपाच्या) कॉलमवर टर्पीने बरीच मागे राहतात, पण तेथे हेक्झॅनलला ऑक्टेन हा हायड्रोकार्बन येऊन चिकटतो, आणि हेक्झॅनल वेगळे ओळखायला मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचे तुकडे वस्तुमानाप्रमाणे मोजणाऱ्या यंत्रावर) त्याचा ८२ वस्तुमानाचा आयन पाहावा.

पाण्यात केलेले कॅलिब्रेशन (ज्ञात प्रमाणाच्या नमुन्यांवरून यंत्राचा आकडा बसवणे) मात्र शेवेला लावू नये. तेल हेक्झॅनल धरून ठेवत असल्याने आकडा कमी येतो. ताज्या रिफाइंड तेलात मानके (ज्ञात प्रमाणात हेक्झॅनल असलेले नमुने) बनवावीत, किंवा तुलनेसाठी प्रत्येक व्हायलमध्ये ड्युटेरियमयुक्त (जड हायड्रोजन असलेले) हेक्झॅनल ज्ञात प्रमाणात घालावे. हा दुसरा मार्ग महाग असला तरी अधिक भरवशाचा आहे.